चौविहाराचा डबा

१९८२ सालच्या चैत्रात भोरच्या बाजारपेठेतील एका किराणा-धान्याच्या दुकानी मुंबईहून पत्र आले. मुळजी जेठा मार्केटातील एका कापडाच्या पेढीवर ऐन लग्नसराईत लिहिणारा माणूस कमी पडत होता. पेढी मामांच्या ओळखीची, काम दोन महिन्यांचे, पगार बरा. दुकानातील धाकटा मुलगा बी. कॉम. झालेला होता आणि उन्हाळ्यात भोरच्या दुकानात दोन भावांना पुरेल इतके काम कधीच नसे. तेव्हा त्याने जावे हे एका बैठकीत ठरले. प्रश्न उरला तो त्याच्या जेवणाचा. घरात कंदमूळ वर्ज्य, पाणी उकळलेले आणि सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. परगावी दोन महिने हे कसे सांभाळावे? यावर बांनीच, म्हणजे सासूबाईंनी, निकाल दिला : सुनेने बरोबर जावे. लग्नाला दोन वर्षे झालेली ती धाकटी सून अशा रीतीने मुंबईस निघाली. मुंबई पाहणे हा त्या जाण्याचा हेतू नव्हता, डबा करणे हा होता.

तिचे माहेर शिरवळचे. नीरेच्या एका अंगाला माहेर, दुसऱ्या अंगाला सासर. जग म्हणजे फार तर पुणे. भोरची एस. टी. कापूरहोळावरून कात्रजच्या बोगद्याबाहेर आली की शहर लागले, अशी तिची आजवरची समजूत होती. बोरीबंदरला उतरल्यावर ती समजूत फलाट संपण्यापूर्वीच गळून पडली.

राहण्याची सोय सी. पी. टँकजवळच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, मामेसासऱ्यांच्या नात्यातील एका रिकाम्या खोलीत झाली. खोली दहा बाय बाराची, मोरी आत, नळ सकाळी दोन तास. चाळीत बहुतेक बिऱ्हाडे गुजराती. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी पाणी भरण्याची पाळी, दूधवाल्याची वेळ आणि कोणत्या भाजीवालीचा काटा सरळ, हे सांगून टाकले. घरी बांशी गुजराती बोलण्याची सवय असल्याने भाषेची अडचण पडली नाही. अडचण पडली ती मोकळ्या वेळेची. भोरच्या घरात दिवस केव्हा सुरू होऊन केव्हा संपतो हे तिला कधी कळले नव्हते. येथे सकाळी नवाला पती पेढीवर गेला की संध्याकाळपर्यंतचे सारे तास एकट्या तिचे होते. एकत्र कुटुंबातील सुनेला असे तास हाती आले की प्रथम सुटल्यासारखे वाटते आणि आठवड्याने चुकल्यासारखे. तिचेही तसेच झाले.

मग ती बाहेर पडू लागली. भुलेश्वरचा पांजरपोळ खोलीपासून चार पावलांवर होता. १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई हे पारशी आणि अमीचंद शहा हे जैन, या दोन व्यापाऱ्यांनी मिळून तो उभा केला. सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावल्यावरून १८३२ मध्ये शहरात दंगा उसळला होता आणि त्यातून मुक्या जिवांसाठी ही जागा निघाली, ही हकिगत तिला शेजारच्या वृद्ध बाईंनी गवताची पेंढी हातात ठेवता ठेवता सांगितली. इतक्या दाट वस्तीत शेकडो गाई शांतपणे रवंथ करीत उभ्या असलेल्या पाहून तिला मुंबईतील पहिली ओळखीची वस्तू भेटल्यासारखे झाले. रोज सकाळी पायधुनीला गोडीजी पार्श्वनाथांचे दर्शन, मग पांजरपोळ, मग भाजी, असा तिचा क्रम बसला.

परंतु दिवसाचे खरे काम संध्याकाळी असे. लग्नसराईत पेढी आठ-साडेआठपर्यंत बंद होत नसे. म्हणून चौविहाराचा डबा तिला मार्केटात न्यावा लागे. बरोबर सहाला ती निघे. काळबादेवीचा रस्ता ओलांडून मार्केटाच्या कमानीतून आत शिरले की एक निराळेच राज्य लागे. १८७४ सालापासूनचे हे मार्केट. आत गल्ल्यांमागून गल्ल्या, प्रत्येक दुकानात पांढरीशुभ्र गादी, गादीवर लोड, समोर उलगडलेले ताके, दलालांची ये-जा, हातरुमालाखाली बोटांनी चाललेले भाव. पेढीच्या मागल्या बाजूस माळ्याखाली एक चिंचोळी जागा होती. तेथे दोघे जेवत. सूर्य मार्केटाच्या आतून दिसत नसे, त्यामुळे तिचे लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे असे. सातच्या आत पाणी पिऊन होई, ती डबा धुऊन पिशवीत टाकी आणि परते.

त्या वर्षीची लग्नसराई नेहमीसारखी नव्हती. १८ जानेवारीपासून मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर होते. भोरमध्ये असताना हा संप म्हणजे वर्तमानपत्रातील मथळा होता. येथे तो गादीवर येऊन बसला होता. गिरणीच्या मालाची मागणी आली की मुनीमजी मान हलवीत आणि भिवंडीचा, मालेगावचा, इचलकरंजीचा यंत्रमागाचा माल पुढे करीत. कोणाचे काम बुडत होते, कोणाचे वाढत होते. व्यापारात हे नित्याचे, असे पेढीवर म्हटले जाई, आणि ते खोटेही नव्हते. एका रविवारी पतीबरोबर ती लालबागहून बसने आली तेव्हा चिमण्यांच्या रांगाच्या रांगा धुराविना उभ्या होत्या. चूल न पेटलेल्या घराकडे पाहावे तसे तिने त्यांच्याकडे पाहिले.

वैशाखातील एका संध्याकाळी मार्केटाच्या दारात हातगाड्यांची कोंडी झाली होती. ती कडेला उभी राहिली. पती तिला घ्यायला बाहेर आला आणि बोलता बोलता त्याच्या तोंडून भोरचे नाव निघाले. गाडीच्या दांडीशी उभा असलेला चाळिशीच्या घरातील एक हमाल वळला.

“शेठ, भोरचं का तुमी?”

“होय. तुम्ही?”

“आमी वेल्ह्याचं. तोरण्याच्या पायथ्याला गाव.”

इतक्या माणसांत गावाकडचा माणूस भेटला याचा तिघांनाही आनंद झाला. पाऊसपाणी, रस्ता, भात यांविषयी चार वाक्ये झाली. मग त्याने दुकान कुठले म्हणून विचारले, पतीने सांगितले. “नसरापूरच्या बाजाराला तुमचंच पाल असायचं न्हवं?” होय, आमचेच. यावर त्या माणसाचा चेहरा मिटल्यासारखा झाला. कोंडी सुटली होती. त्याने दांडी उचलली आणि काही न बोलता गाडी पुढे नेली.

त्यानंतर तीन दिवस तो तिला दिसे, पण बघून न बघितल्यासारखे करी. चौथ्या दिवशी मात्र तो दारात वाटच पाहत होता. हातात प्लास्टिकची एक पिशवी, तिच्यात घडी घातलेले कागद. तो मूळचा हमाल नव्हता. परळच्या एका गिरणीत चौदा वर्षे साचे खात्यात होता. संप सुरू झाल्यावर नात्यातील एका माथाड्याच्या टोळीत बदलीवर मिळेल तेवढे काम करीत होता. फाल्गुनात बायको आणि दोन मुले त्याने गावी पोचवली. वेल्ह्याच्या बाजूला पावसाळा म्हणजे चार महिन्यांचा कोंडमारा. ओढे चढले की वाड्या तुटतात. मृग लागण्यापूर्वी मीठ, गूळ, डाळ, तेल, मिरची घरात पडलेच पाहिजे. बायको उधारीवर बेगमी करावयास गेली, तर दुकानातून सांगण्यात आले की सासऱ्याच्या नावावर जुनी बाकी आहे, ती आधी फेडा. ते दुकान या दोघांचेच होते.

“बाकी बापानं फेडलीया,” तो म्हणाला. “मी इथनं तीन मनिआर्डरी धाडल्या. दीडशं, शंभर आन् नव्वद. ह्या पावत्या. बाप नसरापुरात पालावर भरून आला. आता बाप न्हाई सांगाय.”

त्याने मदत मागितली नाही. धान्य द्या, असेही म्हणाला नाही. “चोपडीत बघा म्हनावं, येवढंच,” इतके बोलून त्याने पावत्या पुन्हा पिशवीत ठेवल्या.

व्यवहार जाणणाऱ्या कोणाच्याही लक्षात येईल की त्या पावत्यांनी काहीच सिद्ध होत नव्हते. मुलाचे पैसे बापाला पोचले, एवढेच त्या सांगत होत्या. बापाने ते दुकानी भरले की घरात मोडले, हे सांगणारा एकच साक्षीदार होता, आणि तो भोरला माळ्यावर लाल फडक्यात बांधून पडला होता.

त्या रात्री चाळीच्या सज्जात बसून दोघांचे बोलणे झाले. पती प्रथम म्हणाला की खतावणी खोटे बोलत नाही. मग बराच वेळ गप्प राहून त्याने सांगितले की ती बाकी त्याला चांगली आठवते. दुकानात बसू लागल्यापासून गेल्या चार दिवाळ्यांना नव्या चोपड्यात ‘मागील बाकी’ म्हणून ती त्यानेच आपल्या हाताने पुढे ओढली होती. व्याज धरून ती आता पाचशेच्या वर गेली होती. मूळ नोंद काय आहे, हे त्याने एकदाही पाहिले नव्हते. पाहावयाचे ते कशाला? बाकी म्हणजे बाकी. जमा नोंदविणारी वही निराळी होती. नसरापूरच्या पालावर रोजमेळाची एक कच्ची वही असे आणि तिच्यातील रकमा भोरला आल्यावर खतावणीत चढवायच्या असत. ते काम त्या काळी थोरल्या भावाकडे होते. तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता.

घोडे अडले ते येथे. पत्र लिहावे तर ते घरात मोठ्याने वाचले जाणार आणि धाकट्याने मुंबईला बसून थोरल्याचा हिशेब तपासला असे होणार. दोघे भाऊ एका ताटात जेवलेले. दुकान एक, चूल एक. पती म्हणाला, “जूनमध्ये गेल्यावर मी स्वतःच बघेन.” तिने बोटे मोजली. त्याचे काम दहा जूनला संपायचे होते आणि मृग सातला लागत होता.

मधल्या रविवारी तो तिला राजाबाई टॉवर दाखवायला घेऊन गेला. हे ठिकाण पाहण्याची तिची फार दिवसांची इच्छा होती, कारण त्याची गोष्ट तिने लहानपणी शिरवळला ऐकली होती. प्रेमचंद रायचंद हे सुरतेचे जैन, मुंबईचे कापसाचे आणि शेअरांचे राजे. त्यांनी विद्यापीठाला मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले ते आईचे नाव देण्याच्या अटीवर. राजाबाईंना दिसत नसे आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा त्यांचा नेम होता. घड्याळाचे टोल ऐकून त्यांना वेळ कळावी म्हणून मुलाने हा मनोरा बांधविला, असे सांगतात. २८० फूट उंचीचे ते काम १८७८ मध्ये पुरे झाले. अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच १८६५ साली कापसाचा बाजार कोसळला आणि प्रेमचंदांची पेढीही त्यात बुडाली, पण दिलेले दान दिलेलेच राहिले. ओव्हल मैदानाच्या कडेला उभे राहून तिने मान मागे टाकून घड्याळाकडे पाहिले. पाच वाजत होते. टोल पडू लागले तेव्हा पती घाईने म्हणाला, “चल, डबा उघडू.” मैदानावर बसून दोघे जेवली. थेपले, दही, कैरीचा छुंदा. जेवण झाल्यावर ती म्हणाली, “मी एक आठवडा आधी जाते.”

“आणि माझा डबा?”

“तेच विचारते आहे.”

तो हसला नाही. थोड्या वेळाने म्हणाला की शेवटचा आठवडा तो एकासणे करील. दुपारी एकदाच, मार्केटाजवळच्या जैन भोजनालयात.

घारापुरीची लेणी पाहण्याचा बेत शेवटच्या रविवारसाठी राखून ठेवला होता, तो राहिला. पेढीच्या शेठजींनी मधल्या काळात पतीला कायम राहण्याविषयी विचारले होते, तोही विषय दिवाळीवर टाकण्यात आला. एक मामेसासूबाई पुण्याला निघाल्या होत्या, त्यांच्या सोबतीने ती तीन जूनला स्वारगेटला आणि तेथून एकटीच भोरला पोचली. एकटीने एस. टी.त बसण्याची तिची ती पहिलीच वेळ. नसरापूरच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा पोती डोक्यावर घेतलेल्या बायका पावसाळी बाजार करून वेल्ह्याच्या गाडीची वाट पाहत उभ्या होत्या.

सासऱ्यांशी सरळ बोलण्याची घरात पद्धत नव्हती. तिने रात्री बांचे पाय दाबताना सारे सांगितले : संप, हातगाडी, तीन पावत्या, नसरापूरचे पाल. जेठांचे नाव तिने घेतले नाही. बांनी ते न घेताच ओळखले. त्या म्हणाल्या, “तू आठवडा आधी का आलीस म्हणून मी सकाळपासून विचार करतेय.” आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी देरासरातून परतल्यावर सासऱ्यांनी शिडी लावायला सांगितली. संवत २०३२ चे गाठोडे खाली आले. भोरचा पाऊस माळ्यावरच्या कोणत्याही कागदाला सोडत नाही. फडक्याला बुरशी होती, वह्यांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. सासरे चष्मा लावून गादीवर बसले, थोरला मुलगा समोर. दुकानात गिऱ्हाईक नव्हते. माजघराच्या दाराआड ती उभी होती.

आषाढातील एका पानावर त्या म्हाताऱ्याचे नाव निघाले. जमा, रुपये दीडशे. अक्षर थोरल्याचेच. पुढे श्रावणात आणखी एक : जमा, शंभर. दोन्ही नोंदींपुढे खतावणीचे पान लिहायची जागा कोरी होती. पुढची दहा-बारा पाने एकमेकांना चिकटून पुठ्ठ्यासारखी झाली होती. सासऱ्यांनी नखाने एक कोपरा उचलून पाहिला. कागद फाटू लागला तसे सोडून दिले.

थोरला म्हणाला, “बापूजी, त्या वर्षी मला टायफॉइड झाला होता. श्रावणात.” मग त्याचे त्यालाच ते अपुरे वाटले असावे. “बरा झाल्यावर चढवायचे राहिले. नंतर वही कुठे गेली कळले नाही. मी विचारलेही नाही.”

“तिने कितीची मनिऑर्डर सांगितली, तिसरी?” सासऱ्यांनी दाराकडे न पाहता विचारले.

“नव्वद,” बांनी आतून सांगितले.

“तिसरी आपल्या पावसाने खाल्ली,” सासरे म्हणाले. त्यांनी चालू चोपडा उघडला, तीनही रकमा जमेकडे लिहिल्या, व्याज रद्द केले आणि खाते पुरे करून खाली रेघ ओढली. मग थोरल्याला म्हणाले, “माल तूच घेऊन जा.”

सहा जूनला थोरला जेठ पहिल्या एस. टी.ने निघाला. दोन पोती आणि तेलाचा एक डबा. नसरापूरला गाडी बदलून वेल्ह्याला, तेथून पुढे बैलगाडीने आणि शेवटी पायी. परतला तो रात्री आठनंतर, वळवाच्या पावसात चिंब भिजून. दिवस मावळून गेलेला. त्यामुळे न जेवता, पाणीही न घेता तो निजला. सकाळी नवकारशीचे पाणी पिताना त्याने एवढेच सांगितले की घर सारवलेले होते, बाई घरी होती, आधी तिने माल आत घेऊ दिला नाही, पैसे नाहीत म्हणाली. खाते पुरे झाले हे तिला दोनदा समजावून सांगावे लागले. येताना तिने पळसाच्या पानात करवंदे बांधून दिली होती. ती त्याने बांच्या हाती ठेवली.

सुनेने पतीला पत्र लिहिले आणि निरोप पोचवायला सांगितले. पंधरवड्याने पेढीच्या पत्त्यावरून एक आंतरदेशीय आले. मजकूर कोणाकडून तरी लिहून घेतलेला. माल पोचला, आभार, मुले बरी आहेत. शेवटी एक ओळ होती : नव्वदाची नोंद सापडली की नाही, ते कळवावे.

सासऱ्यांनी ते पत्र चोपड्यात ठेवून दिले आणि उत्तर लिहिले नाही. सुनेला वाटले, विसरले. पावसाने श्रावणअखेर चार दिवस उघडीप दिली तेव्हा त्यांनी ती जुनी वही उन्हात ठेवली. दुपारी स्वतः बसून बारीक सुरीने एकेक पान सोडविले. शाई पसरून गेली होती. निळसर डागांखेरीज कागदावर काही उरले नव्हते. भिंगाने पाहिले, थोरल्याला पाहायला लावले, पुण्याहून सुटीवर आलेल्या नातवालाही दाखविले.

भाद्रपदात संवत्सरीनंतर क्षमापनेची कार्डे लिहायला ते बसले. नातेवाईक, आडते, मुंबई-पुण्याच्या पेढ्या, अशी दरवर्षीची यादी. त्या वर्षी वेल्ह्याच्या बाजूचा एक पत्ता तिच्यात नवा होता. त्या कार्डावर नेहमीच्या दोन ओळींखाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले : नव्वदाचे पान वाचता आले नाही. रक्कम जमा धरली आहे.